प्लास्टर रूम, सलाला

थुमरैतच्या रस्त्याला खडी काढताना
बलुची ड्रायव्हरच्या जेसीबीला काहीतरी अडलं.
दगड नव्हता. दगडाला आतून अशी जाळी नसते.

भूगर्भवाल्या थुरय्या माशनीबाई
सकाळी सहाला मला न्यायला आल्या.
"परकार, तुम्ही हाडांना प्लास्टर घालता ना?
एक हाड आहे. जरा जुनं आहे."

बावीस वर्षं या इस्पितळात
मी मनगटं, नडग्या, घोटे बांधतोय.
परातीवरून पडलेला बिहारी, उंटानं लाथाडलेला म्हातारा,
सायकलवरून आपटलेली पोरं, जी रडत नाहीत, आया रडतात.
पट्टी भिजवायची, पिळायची, गुंडाळायची
आणि सुकेस्तोवर धरून बसायचं.
एवढीच विद्या.

तिथे वाळूत गुडघे टेकून तेच केलं.
आधी ओला कागद, मग गोणपाट, मग प्लास्टर.
हाताखाली ऊब आली.
प्लास्टर धरताना तापतं, रोजच तापतं,
तरी मी हात मागे घेतला.

बाई सांगत होत्या,
नाकावर दोन शिंगं, शेजारी शेजारी,
डोळ्यांवर आणखी दोन, बोटभर.
गेंडा नव्हे, गेंड्याचा कुणीच नव्हे,
हत्तीच्या लांबच्या भावकीतला.
इथे तेव्हा दलदल होती, गर्द झाडी,
पोटापर्यंत पाणी.
मी वर पाहिलं :
पाइपलाइन, एक खुरटी बाभूळ,
पाण्याचा टँकर, त्याच्या सावलीत झोपलेले तिघे.

आमच्याकडे म्हणतात, शिंगं मोडून वासरांत शिरू नये.
याला शिरायला वासरं तरी कुठे उरली?
जगाला शिंगावर घ्यायला निघालेलं धूड,
आणि शिंग आतून पोकळ.

रात्री अकराला त्याला सीटी स्कॅनवर घेतलं.
सिस्टर लिसम्मा म्हणाली,
फॉर्म भरल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.
नाव?
बाईंनी सांगितलं ते कुठल्याशा राणीवरून पडलेलं, लांबलचक.
मावलं नाही.
वय?
रकान्यात तीनच आकडे.
तीन कोटींचे आम्ही नऊशे नव्व्याण्णव केले.
राष्ट्रीयत्व?
लिसम्मानं माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ओमानी."
कफील?
तो रकाना मोकळा राहिला.
माझ्या कार्डावर तो कधीच मोकळा नसतो.

पडद्यावर शिंगाचा बुंधा आला,
मग त्याच ढेकळातली एक फासळी.
"पुढे सरकवा," बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, थांबा.

मधोमध गाठ होती.
ही गाठ मला अंधारातही ओळखू येईल.
हाड मोडलं की स्वतःच स्वतःला लिंपून घेतं,
घाईघाईत, जाडंभरडं,
गवंडी नसलेल्या घरात बाईमाणसानं
भिंतीचं भगदाड बुजवावं तसं.
"मोडली होती," मी म्हटलं,
"आणि मोडल्यावर हा जगला.
किती, ते सांगता येत नाही. पण जगला."

कुणाच्या शिंगानं? आपल्याच जातभाईच्या, कदाचित.
मग चिखलात कडेला उभा राहिला असेल
अर्धा अर्धा श्वास घेत.
बाकीचे चरत पुढे गेले असतील,
किंवा थांबले असतील.
ते हाडात उमटत नाही.

बाई लिहून घेत होत्या. लिसम्मानं चहा आणला.
काचेबाहेर खरीफचं धुकं.
गावाकडे खरीप म्हटलं की पेरणी,
इथे नुसतं भिजलेलं अंधूक, आणि त्यात
डोंगरावरून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे, दोन दोन, जवळ जवळ.

नखांत प्लास्टर सुकलं होतं.
माझी डावीकडची सातवी
पहिल्याच वर्षी मोडली होती, कॅम्पच्या जिन्यात.
घरी कळवलं नव्हतं.
फासळीला प्लास्टर घालत नाहीत.
ती श्वास घेता घेताच जुळते.